बयाबाईची मागची भिंत

आमची घरमालकीण बयाबाई हिच्याशी भांडायचं असेल तर जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं राहून भांडावं. खाली तिच्यासमोर उभे राहिलात की संपलं. सगळा जन्म मासळी विकण्यात गेलेल्या बाईचा आवाज तो, त्यात दुसऱ्याच्या बोलण्याला जागाच उरत नाही. वरून बोललं की निदान आपले चार शब्द तिच्या कानावर पडतात. दिवाळे गावात राहायला आल्याआल्याच हे मला कळलं. आणि मी तरी कुठे गरीब गाय आहे म्हणा. तुर्भ्याच्या वस्तीत वाढले, नळाच्या रांगेत बोलायला शिकले. माझा नवरा अंकुश म्हणतो, "दोन कजाग बायका एकाच घरात आल्या, तेवढीच बाकीची नवी मुंबई सुखात आहे."

अंकुशला बोलायला काय जातं. तो दिवसभर तुर्भ्याच्या गोदामात मालावर देखरेख करतो, संध्याकाळी घरी येतो, खाली बयाबाईचं ऐकून मान हलवतो आणि वर माझं ऐकून मान हलवतो. त्याचं सगळ्यांशी पटतं.

आम्ही या घरात कसे आलो ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्याआधी आम्ही नेरूळपासून कोपरखैरण्यापर्यंत खोल्या बघत हिंडत होतो. दलाल खोली दाखवायचा, मला ती आवडायची, मालकाला आम्ही आवडायचो, चहासुद्धा व्हायचा. मग मालक सहज विचारल्यासारखं विचारायचा, "आडनाव काय तुमचं?" अंकुश सांगायचा, "खिल्लारे." "गाव?" "परभणीकडचं." आणि संध्याकाळी दलालाचा फोन यायचा, खोली गेली म्हणून. एकाने तर तोंडावर विचारलं, "तुम्ही भिंतीवर फोटो कुणाचा लावता?" मी म्हटलं, "माझ्या सासूचा," आणि उठले. अंकुश त्यावर खूप दिवस हसत होता. पण त्या हसण्यात काही राम नव्हता.

बयाबाईने आडनाव विचारलंच नाही. ती दारात बसून कोळंबी सोलत होती. तिने मान वर केली, आम्हाला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि विचारलं, "मासली खाता?"

"खातो," अंकुश म्हणाला.

"बोईट काटे काडून खाता का चावून?"

"चावून."

"मंग ऱ्हावा."

झाली आमची मुलाखत. करारबिरार नंतर झाला.

सामान लागल्यावर मी बाबासाहेबांचा फोटो घेऊन भिंतीशी उभी राहिले. मनात धाकधूक होतीच, एवढे अनुभव घेतल्यावर ती जात नाही. तेवढ्यात बयाबाई वर आली. फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि माझ्या हातातला हातोडा काढून घेतला. म्हणाली, "भिंत माजी, खिला मी ठोकनार. तुमी भाडेकरू भसाभस खिले मारता नि गिलावा पाडता." आणि दोन ठोक्यांत खिळा बसवून, फोटो लावून, तो सरळ आहे का ते दारातून बघून मगच खाली गेली. त्या दिवशी या बाईसाठी माझ्या मनात जी जागा झाली ती पुढच्या कुठल्याही भांडणाने हलली नाही. भांडणं मात्र पोटभर झाली.

बयाबाईचं घर एकमजली. खाली ती आणि तिचा मुलगा मितेश, वर आमची खोली, स्वयंपाकघर आणि मोरी, त्यावर गच्ची. मितेश होडी घेऊन खाडीत जातो. चाळिशीला आला, पण लग्नाचा विषय काढला की तो तडक होडीकडेच निघतो. "मेल्यानं होडीशीच लगीन लावलंय," बयाबाई म्हणते. नवरा दत्तू जाऊन बरीच वर्षं झाली. म्हणजे घरात एक न बोलणारा मुलगा आणि एक बोलून न थकणारी आई. अशा घरात आमची जाई आली.

जाई तेव्हा पहिलीत होती. शाळा दुपारी सुटायची आणि मी वाशीला डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर संध्याकाळपर्यंत अडकलेली. पहिल्या आठवड्यात मी बयाबाईला विनवलं की तेवढा वेळ पोरीवर लक्ष ठेवा, मी वरचे काही देत जाईन. ती म्हणाली, "तुज्या पैशानं मी लक्ष ठेवू? मना डोले हाईत." झालं. जाई शाळेतून थेट तिच्याकडे. तिच्याच ताटात जेवायची, तिच्याच मांडीवर लवंडायची, आणि महिन्या-दोन महिन्यांत तिच्यासारखीच बोलायलाही लागली. एकदा शाळेतल्या बाईंनी मला बोलावून घेतलं, की तुमची मुलगी वर्गात 'मना नको गो' म्हणते, घरी जरा लक्ष द्या. मी बयाबाईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मंग काय चुकीचं बोलली? नको त नको."

आता भिंतीकडे येते.

आमच्या खोलीची मागची भिंत निळी होती. घराला देतात तसली निळी नव्हे, होडीची निळी. पावसाळ्यात होड्या काठावर ओढून घेतात, फटी बुजवतात, नवा रंग देतात, आणि नारळी पौर्णिमा झाली की मग पुन्हा पाण्यात लोटतात. मितेशची होडी रंगवून डब्यात जो रंग उरायचा तो बयाबाई आमच्या मागच्या भिंतीला लावायची. दरवर्षी, स्वतः, काष्टा घट्ट करून स्टुलावर चढून. होडी ज्या वर्षी हिरवी त्या वर्षी भिंत हिरवी. आमच्या आधीच्या भाडेकरूंच्या वेळीही हेच चालायचं. मी एकदा म्हटलं, "मावशी, पांढरा द्या ना, खोली उजळ दिसेल." त्यावर ती म्हणाली, "गो पोरी, या रंगानं होडीत पानी शिरत नाय, त भिंतीत कसं शिरंल?" खरं तर तिची माया होती ती. उरलेला रंग विकता आला असता तिला.

आमच्या दुसऱ्या पावसाळ्यात त्या रंगाला फुगे आले. मग फुगे फुटले आणि कोपऱ्यातून काळे ठिपके वर चढायला लागले. खोलीला ओल्या गोणपाटासारखा वास मारायला लागला. मी ब्लीचने पुसलं, व्हिनेगरने पुसलं, फोनवर लोक जे जे सांगतात ते ते सगळं केलं. दोन-चार दिवस बरे जायचे आणि बुरशी परत हजर, पहिल्यापेक्षा माजून.

त्याच दिवशी खाली जाऊन बयाबाईला सांगायचं, इतकं सोपं होतं. पण अंकुश म्हणाला, "नको. ती म्हणेल, खोली खराब केलीत, निघा. मग परत आडनाव सांगत हिंडायचं का?" हे ऐकल्यावर माझीही जीभ टाळ्याला चिकटली. आम्ही कपाट सरकवून त्या भिंतीला लावलं. माझ्यासारखी तोंडाळ बाई या एका गोष्टीत मूग गिळून बसली, यावरून काय ते समजा.

जाईचा खोकला मात्र कपाटामागे लपवता येईना. आधी साधा खोकला वाटला, मग छातीत शिट्टी वाजल्यासारखं व्हायला लागलं. रात्री उठून बसायची आणि म्हणायची, "आई, हवा आत जात नाहीये." वाशीच्या डॉक्टरांनी तपासलं, पंप लिहून दिला आणि विचारलं, "घरात ओल आहे का?" मी सांगितलं, भिंत काळी पडलीय. ते म्हणाले, "मग मी औषध देत राहीन आणि घर ते वाया घालवत राहील. आधी भिंतीचं बघा."

मी दवाखान्यात माझ्याबरोबर काउंटरवर बसणाऱ्या वैष्णवीशी बोलले. तिच्या नवऱ्याचं भाड्याच्या खोल्यांचंच काम आहे. ती म्हणाली, "अगं, टेन्शन कसलं घेतेस? करारात लिहिलेलं असतं. रोजची साफसफाई, बारीकसारीक दुरुस्ती भाडेकरूने करायची. भिंत, छप्पर, गळती, बांधकामाचं जे काही असेल ते मालकाने. तू सांगितलंच नाहीस तर मालकाला कळणार कसं?" मी घरी आले, करार काढून वाचला, आणि वरच्या पायरीवर जाऊन उभी राहिले.

"मावशी, मागच्या भिंतीला बुरशी आलीय. जाईला त्याचाच त्रास होतोय."

"बुरशी?" खालून आवाज आला. "माज्या घरात? खोली दिली तवा भिंत कशी होती?"

"निळी होती. आता काळी आहे. येऊन बघा."

ती आली. आम्ही कपाट सरकवलं. ती भिंतीकडे बघत उभी राहिली, हात लावला, हाताचा वास घेतला. मग वळली. "ह्ये तुमी केलंव. पावसाचे कपडे आत वालवता. कुकर लावता नि सगली वाफ कोंडून घेता. वर हा हत्ती भिंतीला टेकवून ठेवलाव. भिंतीनं श्वास कुठनं घ्यायचा?"

"श्वास घ्यायला खिडकी लागते, मावशी. या भिंतीला खिडकी आहे, आणि तिच्यावर तुम्ही फळ्या ठोकल्यात."

हे खरं होतं. मागच्या भिंतीतली एकुलती एक खिडकी आम्ही येण्याच्या कितीतरी आधीपासून बंद होती. फळ्या, त्यांवर खिळे, आणि त्यांवर होडीचा रंग. ती एकदम विषय बदलून म्हणाली, "बुरशी आत आलीय. आत तुमी ऱ्हाता."

"पाणी बाहेरून आलंय. बाहेरचं तुमचं."

"बारीकसारीक काम भाडेकरूचं, कागदावर लिवलंय."

"आणि बांधकामाचं मालकाचं, त्याच्याच खाली लिहिलंय."

"मंग बुरशी बारीक का मोटी, त्ये लिवलंय का?"

ते लिहिलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर आम्ही दोघीही खरं बोलत होतो, म्हणून तर भांडण संपत नव्हतं. कपडे मी आत वाळवत होते, कपाट मी लावलं होतं. पण बादलीत भोक असताना ती नीट पुसता का म्हणून विचारण्यात काय अर्थ आहे? हे मी तिला ऐकवणार होते, इतक्यात स्वयंपाकघरात जाईला खोकल्याची उबळ आली. बयाबाईचं तोंड उघडं होतं ते तसंच मिटलं. ती आत गेली, जाईच्या पाठीवरून हात फिरवत बसली, आणि जाताना मला एवढंच म्हणाली, "शिवाला बोलवते."

शिवा गवंडी. गावातली सगळी घरं त्याच्या हाताखालून गेलेली. त्याने भिंतीवर बोटांनी वाजवलं, गच्चीवर जाऊन मागच्या बाजूने वाकून बघितलं आणि म्हणाला, "मावशी, बाहेरून गिलावा गेलाय. भेग पडलीय ही एवढी, खाडीकडचा सगळा पाऊस त्यात जातो. आतून रंग मारून फायदा नाही, पाणी रंगाच्या मागे अडकून बसलंय. मागच्या अंगणात उभं राहायला परांची बांधायला लागेल."

"तिकडं नाय," बयाबाई म्हणाली.

"मग काम नाही होणार."

"तिकडं परांची बांधायची नाय. बाकी काय करायचं त्ये कर."

मागचं अंगण तिच्या जावेचं, धाकूबाईचं. आमची मागची भिंत थेट त्या अंगणातच उभी आहे. दोघींचं बोलणं नाही हे मला माहीत होतं, पण गावात कुणाचं ना कुणाशी बोलणं नसतंच. त्या संध्याकाळी बयाबाई जिन्यात बसून सगळं बोलली. दत्तू गेला त्या दिवशीची गोष्ट. मयताच्या घरी चूल पेटत नाही, जेवण भावकीतून येतं. सगळ्या घरांतून टोप आले. पाठच्या दिराच्या घरातून, दोन पावलांवरून आला नाही. "माजा नवरा तिच्या नवऱ्याचा सख्खा भाव. त्याच्या मयताला तिच्याकडनं भाताचं शीत आलं नाय," बयाबाई म्हणाली. त्या दिवशी तिने एकवीरा आईची आण घेतली की त्या अंगणात पुन्हा पाय ठेवणार नाही, आणि ते डोळ्यांनाही दिसायला नको म्हणून खिडकीवर फळ्या ठोकल्या. सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही, अशी ही बाई. पण सांगताना तिचा आवाज अगदी खाली आला होता, आणि मला तिचा राग येईना.

दुसऱ्या दिवशी तिने शिवापुढे तोडगा मांडला. त्याने कमरेला दोर बांधावा, गच्चीवरून खाली लोंबकळावं आणि गिलावा करावा. "तुजे पाय तिच्या अंगनाला लागले नाय म्हंजे झालं."

शिवा हसला नाही, हे त्याचं कौतुक. म्हणाला, "मावशी, माझे पाय नाही लागणार, पण जुना गिलावा खाली पडेल ना. खाली धाकूबाईने जवळा वाळत घातलाय. तो मी भरून देऊ का?" आणि पिशवी उचलून निघून गेला.

मग माझी पाळी आली. "तू जा गो," बयाबाई म्हणाली. "तुजी कुठं आन हाय."

मी वळसा घालून गेले. पावसाळा सरला होता, अंगणात जाळी अंथरून त्यावर जवळ्याची बारीक कोळंबी पसरलेली, आणि शेजारी हातात काठी घेऊन धाकूबाई कावळे हाकत बसलेली. बयाबाई जेवढी आडवी तेवढी ही बारीक, आणि आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागावं. तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "भिंत कुनाची?"

"बयामावशींची."

"मंग तोंड तुजं कशाला? तिला सांग, सोताच्या तोंडानं येऊन माग." मी उठले तेव्हा ती काठीने जमिनीवर रेघ ओढत म्हणाली, "आनि ह्येबी सांग. मी टोप पाठवला होता. तिच्या दारातनं भरलेला परत आला."

हे मी बयाबाईला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "खोटं बोलते." जरा वेळाने म्हणाली, "कुनी परत लावला आसंल?" मग पुन्हा म्हणाली, "खोटं बोलते." त्या दिवशी ती जेवली नाही, असं मितेश म्हणाला. मितेश स्वतःहून काही बोलला, म्हणजे गोष्ट मोठीच होती.

आणि तरी ही बाई दोन दिवसांनी रंगाचा नवा डबा घेऊन वर आली. "ह्यो मोठ्या बोटीला लावतात तो. एकदम भारी." तिथे माझा तोल गेला.

"मावशी, ही होडी नाही. होडीला रंग बाहेरून लावतात. तुम्ही आतून लावताय. पाणी आपल्या बाजूला कोंडून ठेवताय आणि माझी पोर त्यात झोपतेय. तुम्हाला जावेचं तोंड बघायचं नाही म्हणून माझ्या लेकराने किती दिवस खोकायचं?"

जिन्यात नव्हते मी, तिच्या अगदी समोर उभी होते. ती वळली. डबा तिथेच ठेवून खाली गेली. मला वाटलं, जास्त बोलले. पण बोलले ते खोटं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, मी काउंटरवर असताना मितेशचा फोन आला. जाईला धाप लागलीय, पंपाने थांबत नाहीये, आईने तिला रिक्षात घातलंय. मी धावत निघाले. दवाखान्यात पोचले तर जाईच्या तोंडाला वाफेचा मास्क, आणि तिला मांडीवर घेऊन बयाबाई खुर्चीत बसलेली. हातांना मासळीचे खवले तसेच, पायात चप्पल नाही. विकायची पाटी तिने तशीच दारात उघडी टाकून दिली होती. ज्या बाईच्या पाटीला कुणी नुसता हात लावला तरी ती अख्खं गाव डोक्यावर घेते, ती बाई. जाई श्वास घ्यायची तसतशी तिचीही छाती वरखाली होत होती. मला बघून म्हणाली, "ओठ निले पडले होते गो हिचे."

संध्याकाळपर्यंत जाईला आराम पडला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, त्या खोलीत तिला ठेवू नका. पुढच्या वेळी इतक्या वेळात पोचाल की नाही, सांगता येत नाही.

परत येताना रिक्षात मी बयाबाईला सांगितलं. "मावशी, आम्ही खोली सोडतोय. उद्या तुर्भ्याला माझ्या आईकडे जातो. पुढचं पुढे बघू."

रागाने नाही सांगितलं. राग सगळा त्या मास्कमध्येच विरून गेला होता. मला त्या घरातून निघायचं नव्हतं. मला पुन्हा दारोदार आडनाव सांगायचं नव्हतं, आणि त्याहून जास्त म्हणजे मला ही बाई सोडायची नव्हती. हिच्यासारखं माणूस भाड्याने मिळत नाही. पण लेकराच्या श्वासापुढे काय? बयाबाई बाहेर बघत राहिली. जाई तिच्या खांद्यावर झोपली होती. घरी पोचल्यावर तिने जाईला माझ्याकडे दिलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. ते दार दिवसा लावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

रात्री आम्ही तिघं स्वयंपाकघरात झोपलो. सकाळी अंकुश टेम्पो बघायला गेला. मी भांडी गोणीत भरली, फोटो उतरवून चादरीत गुंडाळला, आणि वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेले. खालून बयाबाईचा आवाज येत नव्हता. त्या वेळी ती रोज कुणाला तरी झापत असते, कुणी नाही मिळालं तर मांजराला. मला वाटलं, तोंड बघवत नाही म्हणून बाजारात गेली असेल.

कपडे काढता काढता सहज मागे वाकून बघितलं तर ती धाकूबाईच्या अंगणाच्या कडेला उभी. अंगणाच्या तोंडाशी दगडांची ओळ आहे, तिच्या अलीकडे. हातात काही नाही. पलीकडे धाकूबाई जवळ्यापाशी बसलेली, तिने बघितलं होतं, पण बघितलं नाही असं दाखवत कावळे हाकत होती. कावळा एकही नव्हता.

बयाबाईने दोन्ही कानांना हात लावला. ओठ हलले, एकवीरा आईची माफी मागितली असावी. मग ती दगड ओलांडून आत गेली. माझ्या हातातले कपडे तसेच राहिले.

"धाकू," ती म्हणाली. धाकटी जाऊ ती, हिच्यापुढे एके काळी मान खाली घालून वावरलेली. "परांचीला जागा दे."

"कशाला?"

"भिंतीला गिलावा करायचाय."

"भिंत काय आज फुटली?" धाकूबाई त्याच हळू आवाजात म्हणाली, पण गल्ली शांत होती, मला वर सगळं ऐकू येत होतं. "इतकी वर्सं बगतेय मी तिला. तवा नाय आलीस. माज्या घरात बारसं झालं, लगीन झालं, तवा नाय आलीस. आज काय अडलं तुजं?"

मला वाटलं आता उसळणार. आता त्या टोपाचं निघणार, दत्तूचं निघणार, आणि ही उलट्या पावली परत येणार. मी डोळे मिटून घेतले.

"माजी नात झोपत नाय गो," बयाबाई म्हणाली. "हवा जात नाय तिच्या छातीत. काल माज्या हातात निली पडली."

धाकूबाईने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. "नात? मितेशचं लगीन कदी झालं? तुना कुठली नात?"

"हाय," बयाबाई म्हणाली. तिचा तो बाजारातला आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "वर भाड्यानं ऱ्हाते."

धाकूबाई तिच्याकडे बघत राहिली. मग काठी बाजूला ठेवून उठली, जवळ्याच्या जाळीचं एक टोक हातात घेतलं. "ते टोक धर," ती म्हणाली. "शिवाला सांग, ऊन चडायच्या आत यायचं. आनि परांची माज्या तुलशीपासून लांब."

दोघींनी चार-चार पावलं टाकत ती जाळी भिंतीपासून दूर नेली. एकमेकींकडे बघत नव्हत्या. जाळी ठेवून बयाबाईने कंबर सरळ केली, वर बघितलं, आणि मी दिसले. लगेच आवाज जागेवर आला. "वर काय बगत उभी ऱ्हायलीस? पोरीचं अंथरून खाली आन माज्याकडं. भिंत सुकत नाय तवर ती वर झोपनार नाय."

मी अंकुशला फोन लावला, टेम्पो नको म्हणून सांगायला. पण मला रडूच कोसळलं. पलीकडे तो घाबरला, जाईला काय झालं, जाईला काय झालं, म्हणून विचारत राहिला, आणि मी गच्चीत खाली बसून नुसती मान हलवत राहिले, जशी काही ती त्याला दिसणार होती.